कान कन्फर्म, गळा वेटिंगवर

गाण्याच्या क्लासात मोठ्या माणसाने पाऊल टाकलं की बाई पहिला प्रश्न विचारतात, "गाणं कशासाठी शिकायचंय?" लहान मुलांवर ही वेळ येत नाही. त्यांच्या वतीने त्यांच्या आया उत्तर देतात आणि ते तयारच असतं : स्टेजची भीती जायला हवी. मोठ्यांची उत्तरं मात्र कान देऊन ऐकावीत. डोंबिवलीतल्या आमच्या क्लासात चपला काढायच्या कोपऱ्यात थांबलो असताना मी ऐकलेलं एक उत्तर असं होतं : "डॉक्टर म्हणाले, दम लागतो तर पोहा नाहीतर गा. पोहायचं तर पाण्यात उतरावं लागतं." एका काकूंना मुलाच्या लग्नात, म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री 'संगीत' नावाचं जे नवं संकट आलंय त्यात, एक गाणं म्हणायचं होतं आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "आयुष्यभर काउंटरच्या अलीकडून लोकांचं ऐकून घेतलं. आता थोडं लोकांनी ऐकावं."

मी म्हणालो, "आत्मविश्वास वाढवायचाय."

बाईंनी वहीत माझं नाव लिहिलं, फी लिहिली आणि म्हणाल्या, "वाढतो. पण इथे तो आधी कमी होतो." हे त्या हसत म्हणाल्या, त्यामुळे मला तो विनोद वाटला. ती नियमावली होती.

मुळात गाण्याच्या बाबतीत मराठी माणसाचा आत्मविश्वास कमी आहे असं म्हणायला काहीही आधार नाही. गणपतीत एकेका घरात वीस-पंचवीस माणसं तितक्याच पट्ट्यांत आरत्या म्हणतात, झांजा वाजवणारा मुलगा या सगळ्यांहून वेगळ्या लयीत असतो आणि देवाने आजवर कोणालाही मध्ये थांबवलेलं नाही. मंगलाष्टकं ही तर कमालच. शार्दूलविक्रीडित हे एका चरणात १९ अक्षरांचं वृत्त. पण मावशींच्या स्वरचित मंगलाष्टकात नवरदेवाची डिग्री, कंपनी, शिवाय वधूकडच्या सगळ्या काकांची नावं मावायची असतात, त्यामुळे एकेका ओळीत २५-२६ अक्षरं उभ्याने प्रवास करतात. श्रोते हलू शकत नाहीत, कारण त्यांच्या मुठीत अक्षता. उत्सवमूर्ती पळू शकत नाहीत, कारण मध्ये अंतरपाट. यापेक्षा हमखास मैफल भीमसेनजींनाही मिळाली नसेल. आणि सकाळच्या फास्ट लोकलमधली भजनी मंडळं? डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायला तासाहून जास्त लागतो, तेवढ्या वेळात टाळ वाजवत, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरत, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस तार सप्तकात जाऊन सुखरूप परत येतो. त्याला कोणी विचारत नाही, काळी एक का काळी चार?

राहता राहिली न्हाणीघराची मैफल. तिथे तर सगळी यंत्रणाच आपल्या बाजूने असते. भिंतींच्या फरशा आवाज गिळत नाहीत, परतवतात. खोली लहान असल्याने खालचे सूर आपोआप घुमतात. आणि जे बेसूर असेल ते बादलीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात वाहून जातं. रोज सकाळी दहा मिनिटं मी तिथे उत्तम गात असे. हा शब्द मी जपून वापरतोय. तिथे मी खरोखर उत्तम गात असे.

क्लासात फरशा नव्हत्या. तळमजल्यावरचा वन-बीएचके, हॉलमध्ये सतरंजी, कोपऱ्यात खोळ घातलेला मिरजेचा तंबोरा, खिडकीत इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची छोटी पेटी आणि आतल्या खोलीत बाईंचा कुकर. "सा लावा," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"तुमचा."

आधार कार्ड, पॅन कार्ड, रेशन कार्ड या सगळ्यांवर माझं नाव आहे, पण माझ्या नावावर एक सा सुद्धा आहे हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. तो शोधण्याचं काम बाईंनी हातात घेतलं. यालाच पट्टी ठरवणं म्हणतात आणि यात पुरुषांचा जितका अपमान होतो तितका लग्नाच्या बैठकीतही होत नसेल. पुरुषांचा सा साधारण काळी एक-काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार-काळी पाच. पण क्लासात येणारा पुरुष जन्मभर रफीसाहेबांची गाणी ऐकून आलेला असतो, त्यामुळे "माझी पट्टी जरा वरची आहे" हे तो आधीच सांगून टाकतो. बाई वाद घालत नाहीत. बाजाच्या पेटीवर काळी चार धरतात आणि म्हणतात, "घ्या. आता वरचा सा लावा." माणूस मान वर करतो, भुवया वर करतो, खांदे वर करतो, सूर सोडून बाकी सगळं वर जातं. मग बोलणी सुरू होतात. काळी चारवरून काळी तीन, तिथून पांढऱ्या चारवर थोडा मुक्काम, आणि शेवटी काळी एकवर तोडपाणी. पट्टी उतरली की चेहराही उतरतो. निवृत्त काका पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगत होते की सर्दी आहे म्हणून तात्पुरती काळी एक घेतलीय. ती सर्दी अजून आहे.

काळी एकचा सा म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं. पुरुषाच्या गळ्यातले स्वरतंतू लांबीला फार तर १७ ते २५ मिलिमीटर, आणि ते सेकंदातून तितक्या वेळा मिटतात आणि उघडतात. काळी चारला गाणाऱ्या बाईंचे त्याहून आखूड असतात आणि २०८ वेळा. हे वाचून मला स्वतःबद्दल बराच आदर वाटला. मग मी मोबाइलवर कंपनं मोजणारं एक ॲप घेतलं आणि सा लावला. ॲपने १३४ दाखवले. माझी सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली. १३९ च्या जागी १३४ म्हणजे पावणेचार टक्क्यांचीही तूट नाही. एवढ्यावर कुठल्याही ऑडिटमध्ये शेरा येत नाही. मी बाईंना मोबाइल दाखवला. बाई म्हणाल्या, "एका सुरापासून शेजारच्या सुरापर्यंतचं अंतरच मुळात सहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतं." म्हणजे मी सा सोडून निघालो होतो, अर्ध्याहून जास्त वाट चाललो होतो आणि खालच्या निषादाच्या दाराशी पोचलो होतो. सेकंदातल्या पाच कंपनांसाठी एखाद्या सभ्य माणसाला दुसऱ्याच्या दारात उभं करणाऱ्या या शास्त्राची मला तेव्हापासून भीती वाटते.

पुढचे कित्येक आठवडे सा. फक्त सा. वीज गेलेल्या जिन्यात किल्ली हातात असताना कुलपाचं भोक चाचपडावं तसा मी रोज सा चाचपडत होतो. सापडला की आनंदाने हात हलायचा आणि पुन्हा निसटायचा. नातेवाईक विचारायचे, "काय शिकवलं आतापर्यंत?" मी म्हणायचो, "सा." ते म्हणायचे, "आणि फी पूर्ण घेतात?"

"श्वास पोटातून घ्या" ही दुसरी सूचना. ती ऐकून मला हायसं वाटलं, कारण गायकाला लागणाऱ्या सगळ्या सामग्रीपैकी पोट तेवढं माझ्याकडे तयार होतं. पण श्वास पोटात जात नाही, तो फुफ्फुसांतच जातो; त्याच्या खालचा पडदा नीट खाली सरकला की पोट पुढे येतं, एवढाच त्याचा अर्थ. चाळिशीनंतर मराठी पुरुषाची निम्मी ताकद चारचौघांत पोट आत घेण्यात खर्च होते. इथे बाई चारचौघांतच "पोट सोडा, सोडा अजून" म्हणत होत्या. मी सोडलं. सदऱ्याच्या एका बटणाने क्लास सोडला.

तिसरी गोष्ट बाईंनी केली ती मात्र क्रूरपणाची. "घरी रियाज करताना रेकॉर्ड करा आणि ऐका." आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, जशी बाकी जगाला मिळते ती वाट. आणि दुसरी थेट कवटीच्या हाडांमधून. हाडांमधून येणारा आवाज जाड आणि भारदस्त असतो, आणि तो आपल्याखेरीज जगात कोणालाही मिळत नाही. इतकी वर्षं मी ज्या आवाजावर खूश होतो तो माझ्या कवटीतला खासगी कार्यक्रम होता. रेकॉर्डिंगमध्ये एक किरटा गृहस्थ नाकातून काहीतरी तक्रार करत होता. बायकोला ऐकवलं, म्हटलं, "फोनचा माइक खराब झालाय." ती म्हणाली, "नाही, अगदी तुमचाच आवाज आहे. छान आलाय." तिच्या दृष्टीने ते कौतुक होतं.

घसा सुधारण्याचे घरगुती उपाय जिथे नाहीत असं घर महाराष्ट्रात नसेल. ज्येष्ठमध, खडीसाखर, कंकोळ, लवंग, हळद घातलेलं दूध, मिठाच्या गुळण्या; आमच्या इमारतीतून एकेक पुडी येत गेली. शेजाऱ्यांची ही आस्था कशातून आली होती ते मी खोलात जाऊन पाहिलं नाही. मग एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना लागतच नाही. ती अन्ननलिकेच्या वाटेने जाते, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी बसलेले असतात, आणि चुकून काही तिकडे गेलंच तर माणूस गात नाही, ठसका लागून पाठीवर थापा खातो. तिथपर्यंत पोचते ती फक्त वाफ. मी हे क्लासात सांगितलं. काकांनी तोंडातली खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाले, "डॉक्टर गातात का?"

पहाटेच्या खर्जाबद्दल थोडक्यात. मंद्र सप्तकात, उन्हं यायच्या आत, लांब सूर लावून बसायचं. यामुळे आवाजाला वजन येतं असं गाणारे पिढ्यानपिढ्या मानत आले आहेत. पहिल्या आठवड्यात आमच्या वॉचमनने पंपाची मोटर अडकली म्हणून प्लंबरला बोलावलं. विषय संपला.

धीर देण्यासाठी बाई मोठ्या गायकांच्या गोष्टी सांगतात. या गोष्टी ऐकणाऱ्याच्या वयावर फार अवलंबून असतात. १९३३ साली अकरा वर्षांचे भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, ही गोष्ट लहान मुलं डोळे मोठे करून ऐकतात. आमच्या बॅचमधले एक गृहस्थ म्हणाले, "मी निघतो म्हटलं तर घरचे तिकीट काढून देतील." उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतोनात गाण्यामुळे गेला, परत आला तो पूर्वीचा नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून कोल्हापूर-मुंबईत गाजली. हे ऐकल्यावर काकांचा घसा बसला तेव्हा ते तीन दिवस खूप आशेने गप्प बसले होते. घसा सुटला, घराणं काही निघालं नाही. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ही माहिती आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मीच मोठ्या अभिमानाने दिली. तेव्हापासून ते भेटले की विचारतात, "तुमचं यान कधी सुटतंय?"

पेटीवरून मात्र बाईंची बोलणी खावी लागतात. नवशिक्या पेटीला धरून गातो. पेटीचा सूर सुटला की तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. दोन सुरांमधून घसरत जाणं, म्हणजे मींड, पेटीला जमत नाही. तिच्या पट्ट्या ठरलेल्या. या आणि अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. "एकतीस वर्षं रेडिओ पेटीशिवाय चालला, तुम्हाला एक ओळ चालवता येत नाही?" असं म्हणून बाईंनी एक दिवस पेटी बंद केली, मिरजेच्या तंबोऱ्याची खोळ काढली आणि तो लावायला घेतला.

हे प्रकरण तब्येतीने सांगायला हवं. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षं सतारमेकर मंडळी तंबोरे घडवत आली आहेत, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आमच्या क्लासात सुराबद्दल सरकारी कागद असलेला तो एकटाच. चार तारा, घोडीवर तारेखाली सरकवायचा सुती दोरा. तो दोरा केसभर इकडेतिकडे करत बाई जवारी खुलवत होत्या. अर्धा तास गेला. आतमध्ये कुकरने शिट्टी दिली. बाईंनी मान न वळवता सांगितलं, "पांढरी पाच. थोडी उतरलीय." मग त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "ऐका. खर्जाच्या तारेतून गंधार येतोय. येतोय ना?"

तंबोऱ्यात गंधाराची तारच नसते. तरी चांगला जुळला की खर्जाच्या तारेच्या पोटातून तो निघतो, कारण एक तार कधीच एकटी कंप पावत नाही, तिचे लहान लहान भागही आपापल्या परीने गात असतात. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की आठही जणांनी डोळे मिटून माना हलवल्या. काकांनी तर "क्या बात है" म्हटलं. मीही मान हलवली. मला काहीही ऐकू येत नव्हतं. जिना उतरताना आम्ही सगळे गंधाराबद्दल फार आदराने बोललो. शेवटी संगीतवाल्या काकूंनी हळूच विचारलं, "तुम्हाला खरंच आला?" कोणालाच आला नव्हता.

त्यानंतर दर गुरुवारी तंबोरा निघाला की आम्ही गंधाराची वाट पाहत बसायचो. आणि एका गुरुवारी, पंख्याच्या घरघरीतून, बाहेरच्या रिक्षाच्या हॉर्नमधून, तो आला. कोणी लावला नव्हता आणि तो तिथे होता. आधीही तिथेच असणार. मी एवढ्या जोरात "आला!" म्हणालो की बाईंना वाटलं दारावर कोणी आलंय.

इथपासून माझे दिवस फिरले. कारण गळ्याच्या कितीतरी आधी कान तयार होतो, ही गोष्ट क्लासच्या पाटीवर कुठेही लिहिलेली नसते. आपल्याकडे तानसेन न झालेल्यांची समजूत कानसेन होण्यावर काढतात. प्रत्यक्षात ती सक्तमजुरी आहे. गळा आहे तिथेच, काळी एकच्या आसपास भटकतोय. फक्त आता तो भटकतोय हे आपल्याला कळतं. न्हाणीघरातली माझी मैफल आठवड्याभरात बंद पडली. बादलीच्या आवाजाआडूनही मला तो निषादाच्या दारातला गृहस्थ ऐकू यायचा. मेहुणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मावशींचा पंचम चढतोय असं पुटपुटलो, बायकोने अक्षता माझ्यावर टाकल्या. आरतीला मी ओठ हलवायला लागलो. सासऱ्यांनी विचारलं, "घसा बसलाय का?" म्हटलं, "नाही, गाणं शिकतोय." त्यांना हे उत्तर अजून समजलेलं नाही.

अर्धवट शिकलेल्या माणसाचा उपद्रव त्याच्या गाण्यापेक्षा त्याच्या ऐकण्यातून जास्त होतो. टीव्हीवर एखादी पोरगी जीव तोडून गात असते, घरचे रंगात आलेले असतात, आणि हा सोफ्यावरून म्हणतो, "तीव्र मध्यम लागला नाही." आमच्या बॅचमध्ये हे सगळ्यांना एकाच सुमारास झालं. काकूंनी मुलाच्या संगीतात गायचा बेत रद्द केला; तीन आठवड्यांत गाणं बसलं होतं, पण कानही थोडा तयार झाला होता. काका मात्र डगमगले नाहीत. त्यांनी कराओकेला जायला सुरुवात केली.

कोबे शहरातल्या दाइसुके इनोए यांनी १९७१ साली नाणं टाकलं की साथ देणारं यंत्र केलं आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. ते काय करून बसले हे बघायला त्यांनी एखाद्या रविवारी ठाण्या-पुण्याकडच्या एखाद्या छोट्या सभागृहात यावं. निवृत्त मंडळी भाडं वाटून घेतात, ट्रॅक लॅपटॉपवर, गाण्याचे शब्द समोर, जॅकेट इस्त्रीचं. श्रोत्यांमध्ये फक्त दोन प्रकारची माणसं असतात : ज्यांचा नंबर यायचाय ती आणि ज्यांचा नंबर येऊन गेल्यामुळे घरी निघालेली. ट्रॅक गायकासाठी थांबत नाही. अंतरा सुरू झाला तेव्हा काका चष्मा शोधत होते, त्यामुळे पुढची दोन मिनिटं ते आणि ट्रॅक वेगवेगळ्या गावांत होते. पण गाणं संपल्यावर त्यांनी माइक असा काही खाली घेतला की मी टाळ्या वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. त्यांनी गुरुवारी बाईंकडून जे काही शिकलं होतं ते सगळं घरी ठेवून, फक्त ती मूळची ऊर्मी बरोबर आणली होती.

अशा माणसांची एक मोठी परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्स या श्रीमंत बाई सुराच्या बाबतीत जितक्या निर्धास्त होत्या तितकं कोणी नसेल. २५ ऑक्टोबर १९४४ ला वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या आणि तिकिटं संपली होती. लोक हसायला आले होते, हे खरं. पण माझा सूर आता शेजारच्या घराऐवजी सा च्याच अंगणात पडतो, तरी माझ्यासाठी एक तिकीट कोणी काढणार नाही, हेही खरंच. आत्मविश्वास आणि तंत्र यांची भेट एकाच माणसात, एकाच वेळी होणं हा फार दुर्मीळ योग असावा. तो ज्यांच्यात झाला त्यांना आपण पंडित म्हणतो. बाकीच्यांत एक येतो तेव्हा दुसरा बाहेर गेलेला असतो.

बाईंनी माझी अवस्था ओळखून एक दिवस फॉर्म पुढे केला. प्रारंभिकची परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा गाणं खानदानी घरांच्या आणि दरबारांच्या बाहेर आणून चारचौघांना शिकवता यावं असा त्यांचा हेतू होता. चारचौघांत मी येईन हे त्यांच्या डोळ्यांपुढे होतं की नाही, सांगता येत नाही. पुढे १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी जे मंडळ स्थापन केलं त्याच्या परीक्षा आज गावोगावी होतात : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रारंभिक ही पहिली पायरी आणि तिच्यावर बसणाऱ्यांची उंची साधारण चार फूट.

एका शाळेच्या वर्गात केंद्र होतं. मी दोन अरुंद बाकांच्या मध्ये गुडघे घडी करून बसलो होतो. तीन वेगवेगळ्या बाईंनी मला येऊन सांगितलं की पालकांनी बाहेर थांबायचंय. शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी हातावर तीनतालाचा ठेका मोजत होती, टाळी, टाळी, खाली, टाळी, सोळा मात्रा, एकही न चुकता. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "काका, तुमचा कुठला राग?"

"भूप."

"सोपाय. म आणि नी नसतात. पाचच सूर." मग जरा विचार करून म्हणाली, "चुकायला पण पाचच."

तिचं हे गणित बरोबर नव्हतं, पण ते मला आत गेल्यावर कळलं.

परीक्षक दमलेले होते. सकाळपासून त्यांनी त्या एकाच भूपाच्या कितीतरी आवृत्त्या ऐकल्या असणार. समोर पन्नाशीचा माणूस पाहून त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, वय वाचलं आणि फार सौम्य आवाजात म्हणाले, "बसा आरामात." तबलजींनी काळी एकला जुळवून घेतलं. सा लागला. खरोखर लागला, मला कळलं की लागला, आणि त्या आनंदात मी आलाप सोडून थेट बंदिशीत उतरलो, स्थायी पार केली, अंतऱ्यात पंचम, धैवत घेऊन वरच्या सा कडे निघालो आणि मध्येच एका जागी असा काही थांबलो की तबलजींनी वर पाहिलं. कुठे थांबलो हे मला परीक्षकांच्या आधी कळलं होतं. त्या अर्ध्या सेकंदात मला इतकं बरं वाटलं की मी चूक दुरुस्त करायला विसरून पुढे गेलो आणि समेवर, थोड्या उशिराने, पोचलो.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "भूपात वर्ज्य स्वर कोणते?"

"मध्यम आणि निषाद."

"बरोबर. मग मघाशी धैवतानंतर लावलात तो कोणता?"

"निषाद, सर."

"म्हणजे माहीत आहे तुम्हाला. मग लावलात का?"

मी म्हणालो, "लावला नाही, सर. वाटेत भेटला."

त्यांनी चष्मा काढून पुसला, काही मार्क लिहिले, ते बोटाने झाकले आणि दाराकडे पाहून म्हणाले, "पुढचा विद्यार्थी. आणि याचे पालक असतील तर त्यांनाही आत पाठवा, खुर्ची आहे."